एक्स-रेवरचा डाग आणि न्यूमोनिया
व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या छातीच्या एक्स-रेत पांढरा डाग म्हणजे न्यूमोनिया (फुप्फुसाचा जंतुसंसर्ग), असं काही जण म्हणतात. इतकं सोपं नाही ते. फुप्फुसात पाणी साठलं किंवा चिकट कफाने एखादा भाग मिटला तरी डाग तसाच दिसतो. व्हेंटिलेटरची नळी श्वासनलिकेत घातल्यावर ४८ तासांनंतर नवा डाग, सोबत ताप, सक्शनला (नळीतून कफ ओढून काढताना) घट्ट पिवळा कफ आणि वाढती ऑक्सिजनची गरज, असं जुळून आलं तर न्यूमोनियाचा संशय धरावा. कल्चरचा (कोणते जंतू आहेत ते पाहण्याच्या तपासणीचा) कफाचा नमुना अँटिबायोटिक बदलण्याआधीच घ्या, नंतरचा फसवतो.

व्हेंटिलेटरचा जास्त प्रेशरचा अलार्म वाजला तर पीकसोबत (हवा आत ढकलताना होणारा सर्वात जास्त दाब) प्लॅटोही (हवा आत गेल्यावर क्षणभर थांबवून घेतलेला दाब) मोजा. फक्त पीक वाढलं असेल तर नळीत कफ, नळी दुमडलेली किंवा पेशंट ती चावतोय. दोन्ही वाढली, एका बाजूला हवा ऐकू येईना आणि बीपी कोसळतंय, तर न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठणं) समजा. एक्स-रेची वाट बघत बसू नका.