माळा आवरायला काढला की दर वेळी अर्ध्यात राहतो, टार्गेट नेमकं कसं ठरवता तुम्ही?

भवानीपेठ_वैनी

नमस्कार, बऱ्याच दिवसांपासून विचारायचं होतं. आम्ही सोलापुरात भवानी पेठेत राहतो, सासऱ्यांनी बांधलेलं घर आहे, खाली दोन खोल्या, वर एक, स्वयंपाकघरावर लांबच्या लांब माळा आणि मागं शेड. शेडमध्ये पूर्वी माग होते, ते विकले पण त्यांचं सुट्टं सामान, धोटे, कांड्यांच्या पेट्या, सगळं अजून तिथंच आहे. माळ्यावर पितळी घागरी, दोन घंगाळं, लग्नातली स्टीलची भांडी, सहा-सात वाकळा आणि आहेरात आलेल्या चादरी, त्यातल्या निम्म्यांची तर प्लास्टिकची पिशवीसुद्धा फोडलेली नाही. इथल्यांना चादरींचं सांगायला नकोच, लग्न असो, वास्तुशांत असो, रिटायरमेंट असो, चादर नाहीतर टॉवेल-टोपी येतेच.

दोन वर्षांत तीनदा काढलं आवरायला. दर वेळी ठरवते की या रविवारी माळा पूर्ण करायचाच. सकाळी सगळं खाली उतरवतो, दुपारपर्यंत घरात पाय ठेवायला जागा नसते, पोरं भुकेली, सासूबाईंचा जीव वरखाली, आणि संध्याकाळी जे होतं तसंच परत वर. मागच्या वेळी तर मधेच नळाला पाणी आलं, हातातलं टाकून भरायला पळाले आणि भांडी तीन दिवस हॉलमध्ये पडून होती. त्या दिवशी खरंच रडू आलं.

व्हिडिओ बघितले भरपूर, रोज एक वस्तू काढा वगैरे. पण त्यातली घरं वेगळी असतात ओ. आमच्याकडं चार-पाच दिवसाआड पाणी, त्यामुळं चार बॅरल, हंडे, कळशा लागतातच, ते अडगळ म्हणून कसं काढणार. घट बसायला सात आठवडे आहेत, तोपर्यंत माळा आणि शेड मोकळी करायचीय. तुम्ही टार्गेट कसं ठरवलं, कुठं लिहून ठेवता का, आणि मधेच सुटू नये म्हणून काय करता? सासूबाईंना न दुखवता करायचंय, हे सगळ्यात महत्त्वाचं.

सातरस्ता_७

वैनी, दीड वर्षापूर्वी आमच्या घरी डिट्टो हेच होतं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘माळा’ हे मापच लई मोठं आहे. माळा म्हणजे वीस-पंचवीस वेगवेगळी कामं असतात, आपण त्याला एक काम म्हणतो आणि एका रविवारात बसवायला बघतो. मी माप बदललं. एका वेळी एकच जागा, आणि जागा म्हणजे दोन हातांच्या मिठीत मावेल एवढीच. एक ट्रंक, एक फळी, दिवाणातला एक कप्पा. उतरवलेलं सगळं त्याच दिवशी मार्गी लागलं पाहिजे, रात्री झोपताना जमिनीवर काही नको, हा एक नियम मात्र कडक पाळायचा.

दुसरं म्हणजे आठवडा धरू नका, पाण्याची पाळी धरा. सोलापुरात आपलं घर वारावर चालतच नाही, ते पाण्यावर चालतं. ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी आवरायचं नावच काढायचं नाही, फक्त भरायचं आणि आधीच्या पाळीत जे धुवायला काढून ठेवलंय ते धुवून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी बॅरल भरलेले असतात, डोक्याला ताप नसतो, त्या दिवशी दोन तास एक जागा. मधले दिवस काढलेलं सामान घराबाहेर घालवायला, म्हणजे रद्दी, भंगार, कुणाला द्यायचंय ते. सात आठवडे म्हणजे तुमच्या साधारण दहा पाळ्या झाल्या. त्यातल्या गणपती आणि लक्ष्म्यांच्या दोन सोडून द्या, त्या दिवसांत होणार नाही, उगीच टार्गेटमध्ये धरून मग मन खट्टू होतं. राहिल्या आठ. आठ पाळ्या, आठ जागा. आता कागद घ्या आणि त्या आठ जागा नावानिशी लिहा, मग लक्षात येईल की माळा सगळा होणार नाही पण अर्ध्याहून जास्त होईल, आणि शेड दिवाळीनंतर. हे आधीच कबूल केलेलं बरं.

लिहायचं कुठं तर दुधाचा हिशोब ज्या कॅलेंडरवर मांडता तिथंच. दूध नाही आलं की आपण खाडा लिहितो ना, तसंच. पाणी आलं त्या चौकटीत पा, जागा झाली त्या चौकटीत त्या जागेचं नाव. ॲप वगैरे मी करून बघितलं, आठ दिवसांत उघडायचं बंद झालं. भिंतीवरचं सगळ्या घराला दिसतं, आमची आईच विचारायची, काय रे या पाळीत कुठली ट्रंक.

होटगीरोड_अक्का

वरच्या भाऊंचं पटलं, एक भर घालते. किती वस्तू काढल्या ते मोजू नका, किती जागा रिकामी *राहिली* ते मोजा. मी शंभर वस्तूंचं टार्गेट ठेवलं होतं, झालं काय तर पेनांची टोपणं, जुन्या पावत्या, फुटके डबे मोजून शंभर भरले आणि कपाट तसंच गच्च. आता महिन्याच्या एक तारखेला त्याच कोपऱ्यातून त्याच फळीचा फोटो काढते. दोन फोटो शेजारी ठेवले की कळतं जागा राहिली का परत भरली.

आणि बोहारणीकडं जपून. चार पातळं, दोन पॅन्टी दिल्या की स्टीलचं पातेलं येतं, ते जातं माळ्यावर, म्हणजे कपाटातली अडगळ माळ्यावर गेली एवढंच. पितृपंधरवड्यात बऱ्याच घरांत नवीन खरेदी करत नाहीत, घरात काही येतच नाही, तेव्हा बाहेर काढायचं काम त्या पंधरा दिवसांत जोरात ठेवा, फरक लगेच दिसतो.

दप्तर_तपासनीस

ट्रंक उघडणार असाल तर कागद रद्दीत घालायच्या आधी एकेक बघा, ही विनंती. मी हिशोबाची कामं करतो, लोक सोन्यासारखे कागद किलोवर घालून मोकळे होतात.

खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र, सातबारा आणि सिटी सर्व्हेचे जुने उतारे, मृत्यूचे दाखले, हे कधीच काढायचं नाही, एका फाईलमध्ये. जुनं पासबुक सापडलं तर खातं बंद असेल असं धरू नका. दहा वर्षं व्यवहार नसलेल्या खात्यातले पैसे रिझर्व्ह बँकेच्या फंडात जातात पण खातेदाराचा किंवा वारसाचा हक्क जात नाही, बँकेत अर्ज करून मिळतात, आणि कुठल्या बँकेत आहेत ते शोधायला रिझर्व्ह बँकेचं उद्गम पोर्टल आहे. कागदी शेअर सर्टिफिकेट सापडली तर तीही ठेवा, एप्रिल २०१९ पासून कागदावरचे शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, आधी डिमॅट करावे लागतात, पण म्हणून ते बाद झालेले नाहीत. आणि डब्यात, उशीच्या अभ्र्यात २०१६ च्या आधीच्या पाचशे-हजारच्या नोटा निघाल्या तर आठवण म्हणून एखाद-दोन ठीक, दहापेक्षा जास्त जवळ ठेवणं २०१७ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

जुने मोबाईल, चार्जर, पिक्चर ट्यूबचा टीव्ही साध्या भंगारात नको, ई-कचरा घेणाऱ्याकडंच द्या.

अव्वा_१९५६

पोरी, मी सासूच्या बाजूनं लिहिते, वाईट वाटून घेऊ नको.

आमच्या वेळी एकेक भांडं पैसे साठवून घेतलेलं असायचं. मी विड्या वळून घागर घेतली होती, एक घागर घ्यायला मला दीड वर्ष लागलं. आता सून म्हणते वापरात नाही, बरोबर आहे तिचं, पण ती मोडीत घालायची म्हटलं की छातीत धस्स होतं. मोडीत तिला वजनावर भाव मिळतो, दीड वर्षाला कुठं भाव मिळतो.

माझ्या सुनेनं एक चांगलं केलं. ती मला विचारायची नाही की हे काढू का. ती म्हणायची, अव्वा, यातलं तुम्हाला कुठलं *ठेवायचंय* ते तुम्ही निवडा, दोन निवडा. निवडायचं माझ्या हातात आलं तेव्हा बाकीच्यावरचा हात आपोआप सुटला. एक भांडं धाकट्या नणंदेला, एक नातीला तिच्या नव्या घरात. आपल्या माणसाच्या घरात गेलं की त्याला गेलं म्हणत नाहीत. सासूबाईंना वर चढता येत नसेल तर ट्रंक त्यांच्या कॉटपाशी आणून ठेव, त्यांच्या पाठीमागं करू नको.

भवानीपेठ_वैनी

सगळ्यांचे मनापासून आभार, आणि अव्वा, तुमचं वाचून फोन बाजूला ठेवून थोडा वेळ नुसती बसले होते.

तीन पाळ्या झाल्या म्हणून सांगायला आले. पहिल्या पाळीला चादरींची फळी. एकोणीस निघाल्या. पाच घरात वापरायला, चार पुढच्या आहेराला वेगळ्या पिशवीत नाव लिहून, बाकीच्या दहा माझ्या मिस्टरांनी सरकारी दवाखान्याबाहेर पेशंटचे नातेवाईक झोपतात तिथं रात्री जाऊन दिल्या. त्यातल्या तीन कुबट वास आल्यामुळं आधी धुवाव्या लागल्या, सुती असूनही प्लास्टिकमध्ये किती वर्षं कोंडलेल्या. दुसऱ्या पाळीला वाकळा. सासूबाईंनीच दोन निवडल्या, एक त्यांच्या आईच्या नऊवारीची आहे, तिच्यावर मधोमध हिरव्या खणाचा चौकोन आहे तो मी इतकी वर्षं बघितलाच नव्हता.

परवा तिसऱ्या पाळीची भांडी केली. ट्रंक कॉटपाशी आणली. स्टीलच्या प्रत्येक ताटावर मागून ठिपक्याठिपक्यांनी नाव आणि तारीख कोरलेली असते ना, सासूबाई चष्मा लावून एकेक ताट उजेडाकडं तिरकं धरून वाचत होत्या. हे मोठ्या मामाचं, हे शेजारच्या तेलुगू बाईंनी दिलेलं, तिला मुलबाळ नव्हतं, माझ्यावर लई जीव. दोन तासांत अकराच भांडी झाली. आधीची मी असते तर टार्गेट चुकलं म्हणून चिडले असते, पण कॅलेंडरवर जागेचं नाव लिहायचंय, आकडा नाही, तर मी ‘ट्रंक, अर्धी’ असं लिहिलं आणि पुढच्या पाळीलाही तीच लिहून ठेवलीय. यादीतली शेवटची जागा त्यामुळं दिवाळीनंतर शेडबरोबर.

पासबुकही एक निघालं, सासऱ्यांच्या नावाचं, शेवटची नोंद १९९८ ची. बँकेचं नाव आता बदललंय. दप्तर_तपासनीस, वारसांनी जाताना मृत्यूच्या दाखल्याबरोबर अजून काय न्यायचं?

दप्तर_तपासनीस

वैनी, मूळ पासबुक, दाखला, सगळ्या वारसांचं आधार-पॅन आणि फोटो. जुनी बँक दुसरीत विलीन झाली असेल तर आताच्या बँकेच्या कुठल्याही शाखेत चौकशी करा, पण आधी पासबुकाच्या आतल्या पानावर नॉमिनीची नोंद आहे का बघा. असेल तर काम खूप सोपं. नसेल तर वारसांचं संमतीपत्र, हमीपत्र लागतं, रक्कम मोठी असेल तर वारस दाखलाही मागतात, फॉर्म बँकेतच मिळतो. पासबुकाची झेरॉक्स काढून ठेवा आणि जे द्याल त्याची पोच घ्या.

भवानीपेठ_वैनी

नॉमिनीत सासूबाईंचं नाव आहे, आत्ताच बघितलं. सोमवारी त्यांना घेऊनच जाते बँकेत. मंगळवारी पाणी आहे.