कात्री लागते कुठे? अर्थसंकल्प वाचणाऱ्यांसाठी अनुभव धागा

लाडकी बहीण सुरू झाल्यापासून ‘कुणाच्या ताटातलं काढून कुणाला वाढलं’ हा वाद थांबायला तयार नाही. भाषणं पुरे झाली. ज्यांचा रोज या कागदांशी संबंध येतो त्यांनी लिहा : काटछाट नेमकी कुठे दिसते?

आकडेमोड्या
तपशीलवार अंदाजपत्रकात चार रकाने असतात : गेल्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढचा अंदाज. बातम्या चालू आणि पुढच्या अंदाजांवरच होतात. तुम्ही सुधारित अंदाज बघा. समजा १०० ठेवले, सुधारित ६५ झाले आणि पुढच्या वर्षी पुन्हा १०० ठेवले. ३५ गेले, तरी मथळा ‘तरतूद कायम’! आणि डिसेंबरच्या पुरवणी मागण्या (वर्ष चालू असताना मागितलेला वाढीव निधी) चुकवू नका. मार्चमध्ये मुद्दाम कमी धरलेलं तिथे हळूच येतं.

बिलवाला
तरतूद म्हणजे पैसा नव्हे. बीम्सवर (निधी वाटपाची सरकारी संगणक प्रणाली) निधी वितरित झाल्याशिवाय कोषागार बिल पास करत नाही. ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने त्या वर्षीच्या तरतुदीपैकी ३३ टक्केच निधी मिळेल असं ठरलं. विधिमंडळाने मंजूर केलेला आकडा मात्र कागदावर तसाच. वेतनाला सहसा हात लागत नाही, म्हणून झळ बसते ती वसतिगृहाचा भोजनठेका, औषधखरेदी, वेतनेतर अनुदान यांना.

७८९-७९६
प्रत्येक खर्चाला लेखाशीर्ष, म्हणजे हिशेबाचा सांकेतिक क्रमांक, असतं. त्यात ७८९ आणि ७९६ ही गौणशीर्षं शोधा. ७८९ म्हणजे अनुसूचित जाती घटकासाठी राखलेला पैसा, ७९६ म्हणजे आदिवासी घटकासाठी राखलेला. मे २०२५ मध्ये लाडक्या बहिणीसाठी सामाजिक न्यायचे ४१०.३० कोटी आणि आदिवासी विकासचे ३३५.७० कोटी वळवले, तेव्हा सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. सरकारचा युक्तिवाद असा की लाभार्थी त्याच समाजातल्या आहेत. पण सर्वांसाठीची योजना घटकाच्या पैशातून चालवली की खास त्या घटकाच्या योजना आपोआप आकसतात. कर्नाटकात २०१३ पासून या राखीव पैशासाठी कायदा आहे, आपल्याकडे नाही.

उलट बाजू
दीड हजार थेट बाईच्या खात्यात जातात ही सामाजिक सेवा नाही का? गुत्तेदाराच्या बिलापेक्षा बरंच. हिशेब मात्र नीट करा : १५०० गुणिले १२ म्हणजे वर्षाला १८,०००. २०२५-२६ ची तरतूद ३६,००० कोटी, म्हणजे बरोबर २ कोटी बायका. आधीच्या वर्षी ४६,००० कोटी होते. फरक अर्जांच्या छाननीतून काढायचा, हे त्या आकड्यातच लिहिलेलं होतं. निवडणुकीतल्या आश्वासनाप्रमाणे १५०० चे २१०० केले तर तेवढ्याच बायकांना ५०,४०० कोटी लागतात, आणि राज्याची २०२५-२६ ची अंदाजित महसुली तूट ४५,८९१ कोटी!

थाळीचा हिशेब
शिवभोजन थाळी : दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण, १५० ग्रॅम भात. गिऱ्हाईक १० रुपये देतं. शासन शहरात ४०, ग्रामीण भागात २५. रोज १०० थाळ्यांच्या शहरी केंद्राचं तीन महिन्यांचं अनुदान थकलं तर (महिन्याचे २५ दिवस धरून) ३ लाख अडकतात. गल्ल्यात तेवढ्या काळात येतात ७५ हजार. गॅस आणि किराणा उधारीवर किती ओढणार? आधी भाजी पातळ होते, मग चपाती लहान होते, मग दाराला कुलूप. ‘योजना बंद’ असा आदेश कुठेच निघत नाही.

आकडेमोड्या
म्हणूनच केंद्रांची संख्या विचारताना ‘मंजूर’ नको, ‘गेल्या महिन्यात देयक निघालेली’ असं लिहून माहिती अधिकारात मागा.