मदत हवी आहे : हातशिलाईला दोरा किती जाड आणि टाका किती अंतरावर? (पाकीट आणि बैलाचा पट्टा)

सीमाभागी

नमस्कार मंडळी. निपाणीजवळच्या खेड्यात राहतो. दिवसा हिशेबाची नोकरी, संध्याकाळी चामड्याचं काम. शिलाई हातानेच, एक दोरा दोन सुया.

सध्या हातात दोन कामं आहेत आणि दोन्ही एकमेकांच्या अगदी उलट. पहिलं, कार्डं ठेवायचं छोटं पाकीट. चामडं झाडाच्या सालीनं कमावलेलं, १.२ मिमी. कडेला दोन थर येतात, खिशाच्या जागी तीन. दुसरं, आमच्या काकांच्या खिल्लार जोडीला गळ्यातले घुंगरांचे पट्टे. कर्नाटकी बेंदराला बैल सजवून बाहेर काढायचेत, म्हणजे ज्येष्ठी पौर्णिमेच्या आत पट्टे तयार पाहिजेत. हे ३ मिमीचे दोन थर, एकूण ६ मिमी. दोन्ही कडांनी शिलाई, एक कड साधारण ९० सेंमीची.

माझ्याकडे ४ मिमीचा चार दातांचा, भोकं पाडायचा पंच आणि १ मिमीचा मेण लावलेला चपटा पॉलिएस्टर दोरा आहे. पाकिटाच्या कातरणावर शिवून बघितलं तर टाके फुगून एकमेकांना चिकटतात, तिरपेपणा दिसतच नाही. तोच दोरा त्याच पंचाच्या अंतरानं पट्ट्याच्या तुकड्यावर घातला तर वरून बरा दिसतो, पण पंच ६ मिमीतून आरपार जाता जात नाही, गेलाच तर निघत नाही.

दोरा आणि पंच ऑनलाईन मागवायचेत. सुटलेलं रीळ कोणी परत घेत नाही, म्हणून आधी विचारतोय. दोरा आधी ठरवायचा की अंतर? व्हिडिओत एक जण इंचाला आठ टाके म्हणतो, दुसरा ३.३८ मिमी म्हणतो. हे ३.३८ आलं कुठून? आणि टाके जवळजवळ घातले की काम जास्त पक्कं होतं ना?

(कृपा करून ‘कोल्हापूरला जाऊन विचार’ असं सांगू नका. सगळेच तेवढं सांगून मोकळे होतात.)

रापी_आरी

अंतर आधी, दोरा मागून. अंतर ठरतं थरांच्या जाडीवरून आणि वस्तू कुठं वापरायची त्यावरून. दोऱ्याची जाडी अंतराच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढी धरायची. म्हणजे ३.३८ ला ०.६, ४ ला ०.७ ते ०.८, ५ ला १, आणि ६ मिमीच्या टाक्याला १.२ पर्यंत चालतं. तुमचा १ मिमीचा दोरा ४ मिमीच्या टाक्यात म्हणजे चौथा हिस्सा, त्यात तो चपटा, ओढला की पसरतो. तिरका टाका दिसायला दोन टाक्यांच्या टोकांमध्ये थोडं रिकामं चामडं दिसावं लागतं. जाड दोरा ती जागा खाऊन टाकतो.

३.३८ चं गूढ असं काही नाही. जुना फ्रेंच इंच आपल्या इंचापेक्षा मोठा, २७.०७ मिमीचा. त्याचे आठ भाग केले की ३.३८, नऊ केले की ३, दहा केले की २.७. फ्रेंच पद्धतीचे पंच अजून त्याच मापात निघतात. इंग्रजी इंच २५.४ मिमीचा, त्याला आठ टाके म्हणजे ३.१८ च्या आसपास. दोन्हीकडे ‘आठ नंबर’च म्हणतात, म्हणून पंच घेताना नंबर सोडा, मिलिमीटर विचारा.

जवळ टाके म्हणजे पक्कं, हा समज पहिल्यांदा काढून टाका. प्रत्येक टाका म्हणजे चामड्याला एक भोक. पातळ चामड्यावर दाट भोकं पाडली की कड पोस्टाच्या तिकिटासारखी फाटायला तयार होते. दोन सुयांच्या शिलाईचा पक्केपणा वेगळ्याच गोष्टीत आहे. एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी दोरा जातो, त्यामुळं एखादा टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. मशिनच्या टाक्यात वरचा दोरा खालच्यात फक्त अडकवलेला असतो, एक तुटला की उसवायला लागतो.

उद्यमबागी

वरच्यांशी सहमत. माझं बेळगावात उद्यमबागेत मशिनशॉप आहे, म्हणून मापाचं तेवढं सांगतो. पंचाच्या वेष्टनावर लिहिलेल्या ‘४ मिमी’वर जाऊ नका. कोणी दाताच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतो, कोणी दोन दातांमधली फट मोजतो. फटीचा ४ असेल तर खरं अंतर साडेपाच-सहापर्यंत जातं. पंच सरळ रेषेत पुढं पुढं मारत जा, शेवटचा दात मागच्या भोकात ठेवून. पहिल्या भोकाच्या मध्यापासून अकराव्याच्या मध्यापर्यंत पट्टी लावा आणि दहानं भागा. ४० मिमी आलं तर खरा ४.

दुसरं म्हणजे दाताची रुंदी. स्वस्तातल्या पंचाचे दात रुंद आणि जाडजूड असतात. त्या भोकात ०.६ चा दोरा घातला तर दोऱ्याच्या दोन्ही अंगांना भोक उघडं दिसतं आणि दोष दोऱ्याला लागतो. दात आधी तेलदगडावर थोडे घासा, मग ६०० च्या पॉलिश पेपरवर. टोकाचा आकार बिघडू देऊ नका, अंगानं फक्त बारीक करा. शिलाई झाली की सपाट तोंडाच्या हातोडीनं, मध्ये कागद ठेवून, हलकं ठोकून घ्या, भोकं मिटतात.

अथणीकर

होय की, सगळे कोल्हापूर कोल्हापूर करतात. २०१९ ला कोल्हापुरी चप्पलला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि आमच्याकडचे चार, बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, असं आठांच्या नावावर मिळालंय. अथणीत आणि निपाणीत चप्पल शिवणारे काय कमी आहेत काय?

पण भाऊ, आमच्या घरच्या कामाचा तुम्हाला अर्धाच उपयोग. जुन्या पद्धतीच्या चपलेला दोरा नाही, चामड्याची वादी. मिलिमीटर कोण बघतंय? वादी केवढी कापली ते बघून आरीचं, म्हणजे टोच्याचं, भोक, आणि टाका नजरेनं. तरी हिशेब तोच हाय बघा. तळाला रुंद वादी, टाका लांब. वर वेणीच्या, कानाच्या कामाला बारीक वादी, टाका आखूड. जाडाला जाड, बारकाला बारीक.

पट्ट्याला मात्र पंच नकोच. ६ मिमीतून पंच ठोकला तर वरची रेघ सरळ आणि खालची वाकडी येणार. वरच्या थरावर खूण तेवढी करा, भोक आरीनं एक-एक पाडा, आरी काटकोनात धरून. हाताला सवय व्हायला वेळ लागतोय, पण पाठीमागची रेघ बघून समाधान वाटंल.

सीमाभागी

अथणीकर अण्णा, मनातलं बोललात. 😀

उद्यमबागी, आत्ताच मोजून बघितलं. दहा अंतरांचे ४१ मिमी येतात, म्हणजे ४ च आहे म्हणायचा. दात मात्र खरंच रुंद आहेत.

म्हणजे पट्ट्याला पंच न घेता डिव्हायडर (दोन टोकांचा कंपास) ५ मिमीवर लावून खुणा करू? आणि दोरा १ चालेल की १.२ घेऊ? पाकिटाला ३.३८ चा नवा पंच घ्यायलाच हवा का?

शिलाईवाली

मी पर्सेस शिवते, पट्टे कधीतरी. दादा, पाकिटासाठी लगेच पैसे घालू नका. ४ चा पंच आहे तो दात घासून वापरा आणि ०.६५ किंवा ०.७ चा गोल दोरा घ्या. तीन थरांच्या कडेला ४ चं अंतर उलट बरं पडतं. दोन थरांचं एकदम नाजूक काम करायला लागाल तेव्हा ३.३८ घ्या. २.७ च्या नादी आत्ता तरी लागू नका. तिथं कडेची रेघ केसभर हलली तरी लगेच डोळ्यांत भरते.

दोऱ्याची जाडी विकणाऱ्याच्या शब्दावर घेऊ नका. पेन्सिलीवर दहा वेढे शेजारी शेजारी घाला, एकावर एक चढू देऊ नका, आणि रुंदी मोजून दहानं भागा. चपट्या दोऱ्यात हे माप नेहमी जास्त येतं, कारण तो आडवा बसतो. रिळावर १५०डी/१६ असं काही लिहिलेलं दिसेल. ते डेनिअर, म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. १५० डेनिअरचे १६ धागे मिळून २४००. हे वजन आहे, जाडी नाही, त्यावरून थेट मिलिमीटर निघत नाहीत. लिननच्या काही दोऱ्यांत तर नंबर वाढला की दोरा बारीक होतो. सुईचंही तसंच, नंबर मोठा तितकी सुई बारीक. ०.७ च्या दोऱ्याला ४ नंबरची बोथट सुई पुरते, १ मिमीला २ नंबर बघा. टोकदार सुई नकोच, ती आधीच्या दोऱ्यात घुसते.

आता लांबी. हे कोणी सांगत नाही आणि मग शेवटच्या चार टाक्यांना दोरा पुरत नाही. प्रत्येक टाक्यात एका सुईचा दोरा एक अंतर पुढं जातो आणि एकदा जाडीतून पलीकडं जातो. सुया दोन, म्हणून दुप्पट. पाकिटाला अंतर ४, जाडी २.४, म्हणजे एका टाक्याला १२.८ मिमी दोरा, शिलाईच्या ३.२ पट. तीन थरांच्या जागी ३.८ पट. पट्ट्याला अंतर ५ आणि जाडी ६, म्हणजे २२ मिमी, ४.४ पट. ९० सेंमीच्या कडेला चार मीटर झाले, वर सुयांकडचे ४० सेंमी. इतका दोरा एकदम घेतला तर दर टाक्याला दोन्ही हात पसरून दमाल आणि दोरा भोकात घासून केसाळ होईल. कडेचे दोन भाग करा. जोडाच्या ठिकाणी नवा दोरा जुन्याच्या शेवटच्या दोन-तीन भोकांतून काढून पुढं न्या.

रापी_आरी

पट्ट्याचा दोरा १ की १.२, यावर माझं मत १.२. ६ मिमी चामड्यावर ५ चं अंतर मला जरा दाट वाटतं. ६ चं अंतर ठेवा आणि १.२ दोरा. बैलाच्या गळ्यातली वस्तू, लांबून दिसली पाहिजे.

शिलाईवाली

लांबून घुंगरं दिसतील की! १ मिमीचा दोरा घरात आहे आणि मजबुतीला तो भरपूर आहे. ५ वर १ म्हणजे पाचवा हिस्सा, तुमचंच सूत्र.

रापी_आरी

बरं, सूत्र माझं, हरलो. पण मग खाच घ्याच. शिलाईच्या रेघेवर खाच पाडण्याच्या हत्यारानं दोरा बसेल एवढी उथळ खाच, वरच्या बाजूला आणि गळ्याच्या बाजूलाही. दोरा खाली बसला की घासत नाही. बैल मान झोकत राहतो, पट्टा कातडीवर सरकत राहतो, वर आलेला दोरा दोन हंगामांत झिजतो. गळ्याच्या बाजूला दोऱ्याची गाठ किंवा टोक वितळवून झालेला मणी अजिबात नको, बैलाला टोचतो. टोकं दोन टाके उलटे घेऊन दोन थरांच्या मध्ये काढा, तिथंच कापा आणि तिथंच हलकीशी आच द्या.

कडेपासून शिलाई किती आत, हे तुम्ही विचारलं नाहीत. पाकिटाला ३ मिमी, पट्ट्याला ५ ते ६. जाड चामड्यात कडेला फार जवळ भोक घेतलं की ओढताना कड फुगते.

सीमाभागी

म्हणजे पट्ट्याला घरातलाच १ मिमी दोरा, डिव्हायडर ५ वर, आरी, दोन्ही बाजूंना खाच. पाकिटाला ०.७ गोल. पाकिटाचा दोरा लिननचा घ्यावा असं वाचलं, दिसायला चांगला असतो म्हणून. आणि आमच्याकडं जूननंतर कपाटातल्या चामड्यालाही बुरशी येते. पट्ट्याला काय करू?

शिलाईवाली

लिनन दिसायला सुंदर, पाकिटाला खुशाल घ्या. मेण लावलेलं नसेल तर मधमाशीच्या मेणावरून दोन-तीनदा ओढा. त्याची टोकं वितळत नाहीत, उलटे टाके घेऊन किंचित गोंद लावून कापावी लागतात. पट्ट्याला पॉलिएस्टरच. घाम, पाऊस, शेण, सगळं लागणार. सुती दोरा कुजतो, नायलॉन ताणला जातो. पट्टा कोरडा करून, वारं लागेल अशा जागी टांगून ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलात तर बुरशी ठरलेलीच.

अथणीकर

मेणात थोडी राळ वितळवून घातली तर दोरा हातातून निसटत नाही आणि टाका ओढला तिथंच धरून राहतोय. राळ जास्त झाली तर दोरा चिकट होतो, त्याला धूळ बसते. बैलाच्या पट्ट्याला चालेल, पाकिटाला नको.

आणि पट्टा शिवायच्या आधी घुंगरं कशी बसवणार तेवढं ठरवा. वादीनं ओवणार असाल तर त्या वाद्या दोन थरांच्या मधून जायला पाहिजेत, म्हणजे त्यांची भोकं शिलाईच्या आधी. पितळी कडीला रिव्हेट मारणार असाल तर रिव्हेटच्या टोपीखाली टाका येऊ देऊ नका, डिव्हायडरनं खुणा करताना तेवढी जागा सोडा.

सीमाभागी

वादीनंच ओवायची आहेत, एका पट्ट्याला अकरा. म्हणजे आधी वाद्या, मग थर चिकटवायचे, मग शिलाई. हे लक्षातच आलं नव्हतं. चिकटवायला साधं रबर सोल्युशन चालतं ना?

अथणीकर

चालतंय. दोन्ही थरांना लावा, हाताला चिकटेनासं होईपर्यंत वाळू द्या, मग दाबा. शिलाईच्या रेघेवर कमी लावा, नाहीतर आरीला चिकटून बसतंय आणि दर दहा टाक्यांना पुसत बसाल.