प्रति: चालू बोटीत इंजिन तापून बंद पडतं

इंजिन तापून बंद पडलं की आधी प्लग बदला, हे वर म्हटलंय ते नाही पटलं. प्लग नंतर. आधी इंजिन थंड करून बाहेर पडणारी पाण्याची धार बघा. खिंडसी तलावात ती बारीक झाली की मी पहिला संशय पाणी आत ओढणाऱ्या खालच्या जाळीवर घेतो: शेवाळ, नाहीतर पन्नी. इंजिन बंद करून वर उचला, हातानं ओढून काढा. तरी धार नसेल तर ती जिथून बाहेर पडते त्या भोकात बारीक तार घाला.

मग उरतो पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक. नागपूरच्या उन्हाळ्यात बोट काठावर पडून राहिली की त्याची पाती वाकल्या जागीच कडक होतात. त्यात 'जरा चालू करून बघू' म्हणत कोरडंच इंजिन फिरवणारे महाभाग! पाण्याविना ते रबर मिनिटभरातही जळू शकतं. पाण्याच्या ड्रमात इंजिनाचा खालचा भाग बुडवा, मगच दोरी ओढा.