कांदेबाग म्हणजे कांदा नव्हे! 'लेखांचे दिवस गेले' म्हणणाऱ्यांना उत्तर

रावेरची केळीवाली

काल इथे एका भावाने लिहिलं : "अख्खे लेख लिहायचे दिवस गेले. माहितीचे तुकडे पाडा, टॅग लावा, वाचणारा कोण ते बघून यंत्र तुकडे जोडून देईल. अजून लेख टाकणारे जुन्या जमान्यात अडकलेत." रात्रभर डोक्यातून जाईना. उत्तर देते, लांबलं तर लांबलं.

मी २०१२ पासून शेतीच्या माहितीची साइट चालवते. मुख्य पीक केळी, थोडा कापूस, थोडा कांदा. एकेक लेख बांधावर उभं राहून, विचारून लिहिलेला. गेल्या वर्षी एका कंपनीचं 'हुशार' सॉफ्टवेअर घेतलं. आठवडाभरात त्याने सगळ्या लेखांचे तुकडे पाडले आणि टॅगही स्वतःच लावले. पुढे एका काकांचा फोन : "ताई, केळीच्या करप्यासाठी बघितलं तर हे कांद्याची फवारणी सांगतंय." त्यांनी नोंदणी करताना 'कांदेबाग' लिहिलं होतं. यंत्राने त्यातला कांदा उचलला, करपा रोग दोन्ही पिकांवर येतो, झालं! ऑक्टोबरच्या सुमारास लावलेली केळी ती कांदेबाग, जून-जुलैची ती मृगबाग, हे आपल्याकडे शाळकरी पोरगंही सांगेल.

हे वेळीच कळलं. दुसरं कळलं नाही. आंतरपिकाच्या लेखात काकडीचं उत्पन्न सांगितलं होतं आणि लगेच पुढचं वाक्य होतं : केळीचा हरण्या रोग येणाऱ्या भागात काकडीवर्गीय पीक बागेत किंवा शेजारी घेऊ नका, या रोगाचा सीएमव्ही विषाणू त्यावरही राहतो आणि मावा ही कीड तो केळीवर आणते. तुकडे पडताना काकडी गेली 'जादा उत्पन्न' या खान्यात, ते वाक्य गेलं 'रोग' या खान्यात. आमच्याच तालुक्यातल्या एकाने पहिला तुकडा वाचून काकडी लावली. हरण्याला औषध नाही, झाड उपटून नष्ट करावं लागतं. तो झाडं उपटत होता तेव्हा मी तिथे होते. पानांवर पिवळे पट्टे, आणि बाजूला हिरवीगार काकडी. रोग तिच्यामुळेच आला असं छातीठोकपणे नाही सांगत. पण माझ्या नावाखाली त्याला नको तो सल्ला गेला. 'पण' पासून सुरू होणारं वाक्य कापायचा हक्क यंत्राला कुणी दिला?

भुसावळचा, सध्या पुण्यात

ताई, दुखणं खरं आहे, निदान चुकलं. मी हेच काम करतो. २००३ साली वर्डप्रेस हे साइट चालवायचं सॉफ्टवेअर आलं तेव्हा एक मोठं रिकामं खोकं होतं, त्यात सगळं ओतायचं. २०१८ च्या डिसेंबरात ५.० आवृत्तीत ब्लॉक, म्हणजे मजकुराचे सुटे तुकडे आले. अमेरिकेतल्या एनपीआर रेडिओने तर २००९ मध्येच 'एकदा तयार करा, सगळीकडे प्रकाशित करा' हे धोरण मांडलं होतं. मथळा, सारांश, मजकूर, ध्वनी वेगवेगळे साठवायचे, मग मोबाइल असो की वेबसाइट, जो तो आपल्याला लागेल तेवढं घेतो. त्यात यंत्राची अक्कल नव्हती, माणसाने आधी आखलेले खाने होते. तुम्ही खाने न आखता यंत्र सोडलंत. 'हंगाम' हे वेगळं खानं करून त्यात मृगबाग आणि कांदेबाग एवढेच पर्याय ठेवले असते तर कांदा शिरला नसता.

आणि अख्ख्या लेखांचं एवढं कौतुक करताय म्हणून सांगतो. फोरेट या कीटकनाशकावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. आत्ता तुमच्या साइटवर शोधलं, चार लेखांत अजून 'फोरेट टाका' आहे. औषधाची नोंद एका जागी असती तर एकदा काढली की चारही ठिकाणची गेली असती.

रावेरची केळीवाली

चारही आत्ता काढले. हे माझं चुकलं, मान्य. काकडीचं उत्तर मात्र तुम्ही दिलं नाही.

धुळ्याचा प्रेसवाला

तुमचं भांडण चालू द्या. आमच्या साप्ताहिकाचे २००१ ते २०११ चे अंक जुन्या फाँटात आहेत. युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालतो त्या अक्षर-संकेतात आणायला दिले तर रफार उडाले, जोडाक्षरं फुटली, 'सूर्य'चा 'सूय' झाला. दहा वर्षांचं धुळं-नंदुरबार त्यात पडलंय आणि कुठल्याही शोधात येत नाही. बुद्धिमान, जुळवून घेणारा मजकूर म्हणे! आधी वाचता येईल असा तर करा.

बोरीकाठचा मास्तर, अमळनेर

प्रेसवाले भाऊ, तुमचं छापलेलं तरी आहे. आमच्या अहिराणी भाषेचं काय? विद्यार्थ्याच्या वडिलांनी अशाच एका शेती अ‍ॅपवर लिहिलं, "मन्ही केळी पिवळी पडी ऱ्हायनी." त्याने 'मन्ही'चं, म्हणजे 'माझी'चं, 'म्हणी' केलं आणि उत्तर सापडत नाही म्हणालं. २०११ च्या जनगणनेत खान्देशी भाषेखाली, अहिराणी धरून, १८ लाखांहून जास्त लोक मोजलेत. अहिराणीला एएचआर हा स्वतःचा भाषा-कोड आहे. तरी सगळा मजकूर मराठीच्या टॅगखाली जातो आणि आमची भाषा अशुद्धलेखन ठरते. ज्या बहिणाबाईंच्या बोलीचं एवढं कौतुक, तीच बोली यंत्राला चूक वाटते.

यावलकर

मास्तर, बहिणाबाई जळगावजवळच्या असोद्याच्या. त्यांची भाषा लेवा पाटील समाजाची लेवा गणबोली, अहिराणी नव्हे! आमच्याकडे "माही केळी पिवळी पडून राह्यली" म्हणतात. तुम्ही सगळ्या खान्देशावर अहिराणीचा शिक्का मारता आणि मग यंत्राला नावं ठेवता.

बोरीकाठचा मास्तर, अमळनेर

त्यांची बोली अहिराणी आहे असं मी कुठे लिहिलं?

यावलकर

मग अहिराणीच्या रडगाण्यात त्यांचं नाव कशाला ओढलंत? दर वेळी हेच होतं. जळगावात कार्यक्रम झाला तरी फलकावर अहिराणी. माझी आजी हयातभर लेवा बोलली, शाळेत मला त्यासाठी मार बसला.

बोरीकाठचा मास्तर, अमळनेर

मार मलाही बसला. 'माले' म्हटलं म्हणून. ठीक आहे, तिथे त्यांचं नाव घालायला नको होतं. पण भाऊ, बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी ऐकून उतरवून ठेवलं. 'मले'चं 'मला' केलं असतं तर आज काय उरलं असतं? माझं म्हणणं तेवढंच होतं.

यावलकर

त्यात वाद नाही. दोन वेगळे टॅग लावा, एवढंच.

भुसावळचा, सध्या पुण्यात

घरी आम्हीही लेवाच बोलतो, बोलीचं खानं मलाही सुचलं नव्हतं. ताई, काकडीचं : अट ही त्या तुकड्याच्या आतच सक्तीचं खानं म्हणून ठेवायची. ती रिकामी असेल तर तुकडा प्रकाशितच होत नाही. हे करता येतं. तुम्हाला विकणाऱ्यांनी केलं नाही, कारण त्यात बांधावरचं माणूस बसवावं लागतं.

रावेरची केळीवाली

म्हणजे लेख वाचणारं माणूस लागतंच, हे तुम्हीच म्हणालात. ठीक. हंगाम, लागवड कंदाची की टिश्यू कल्चरच्या रोपांची, बाग पहिली की पिलांवर घेतलेली पिलबाग, मागच्या वर्षी हरण्या होता का, आणि बोली. एवढे खाने मी लिहून देते. अट मी स्वतः भरणार, यंत्र नाही. रविवारी रावेरला या, बाग दाखवते, मग आखू.