ॲबा वेळेवर थांबले, की दुकान बंद करायचंच राहून गेलं?

काळी_चार

६ एप्रिल १९७४. इंग्लंडातल्या ब्रायटनला युरोव्हिजन गीतस्पर्धेत 'वॉटर्लू' गाऊन ॲबा हा स्वीडनचा पॉप ग्रुप जिंकला. यजमान ब्रिटनच्या परीक्षकांनी त्यांना भोपळा दिला होता, ही त्यातली गंमत. तिथपासून १९८२च्या डिसेंबरपर्यंत, म्हणजे जेमतेम पावणेनऊ वर्षांत, सगळं आटोपलं. गाणाऱ्या अग्नेथा आणि फ्रीडा, गाणी रचणारे ब्यॉर्न आणि बेनी. अग्नेथा-ब्यॉर्न, फ्रीडा-बेनी अशी दोन लग्नं, दोन घटस्फोट.

माझं म्हणणं असं, की लोक भलत्याच ॲबावर प्रेम करतात. चकचकीत कपड्यांतला, 'डान्सिंग क्वीन'वाला ॲबा छानच आहे. पण खरा ऐकण्यासारखा ॲबा १९७९ नंतरचा, घरं मोडत असतानाचा.

'द विनर टेक्स इट ऑल' (१९८०) घ्या. चालीत आहे काय? उतरत जाणाऱ्या दोन ओळी, त्याच फिरून फिरून. ध्रुवपद आणि कडवं यांत धड फरकही नाही. एका कडव्याला वाद्यं मागे हटतात, अग्नेथा जवळजवळ बोलल्यासारखं गाते, आणि मग सगळा फौजफाटा परत येतो. एवढ्यावर पाच मिनिटं माणूस जागचा हलत नाही. शब्द ब्यॉर्नचे. १९७८च्या नाताळात तो आणि अग्नेथा वेगळे झाले होते. म्हणजे त्याने लिहिलेलं फारकतीचं गाणं तिने माइकसमोर उभं राहून गायलंय.

आणि १९८२च्या ऑगस्टमध्ये रेकॉर्ड केलेलं 'द डे बिफोर यू केम'. सहा मिनिटांना थोडंच कमी, ध्रुवपदच नाही. एक बाई आपला एक दिवस सांगते: गाडी पकडली असेन, ऑफिसात कागद उपसले असतील, येताना चायनीज बांधून घेतलं असेल, टीव्हीवर 'डॅलस' बघितलं असेल. सगळं अंदाजपंचे. 'तू' येण्याच्या आदल्या दिवसाची ही हकिकत आहे, पण तो 'तू' आल्यावर भलं झालं की वाटोळं, हे गाणं शेवटपर्यंत सांगत नाही. मागे फ्रीडाचा आवाज ऑपेरासारखा तरंगत राहतो. ब्रिटनमध्ये हे ३२व्या क्रमांकावर अडकलं. त्यानंतर चौघं थांबले. वेळेवर थांबले म्हणूनच आज टिकून आहेत. मतं येऊ द्या.

खडूस

'वेळेवर थांबले' हे जरा जास्तच सोवळं झालं. थांबले कुठे? फुटल्याची घोषणासुद्धा केली नाही कधी. विक्री उतरणीला लागली होती, बेनी-ब्यॉर्नला गीतकार टिम राइसबरोबर 'चेस' हे संगीतक करायचं होतं, फ्रीडा फिल कॉलिन्सला निर्माता म्हणून घेऊन स्वतःचा अल्बम काढून मोकळी झाली होती. चौघांना चार कामं मिळाली, एवढंच. त्याला तत्त्वाचा मुलामा कशाला?

पुढचा हिशोब बघा. १९९२ला 'ॲबा गोल्ड', तीन कोटींहून जास्त प्रती. १९९९ला लंडनला 'मामा मिया' रंगभूमीवर, २००८ला सिनेमा, २०१८ला दुसरा सिनेमा. २०१३ला स्टॉकहोमात म्युझियम. २०२२ला लंडनमध्ये संगणकी ॲबा, म्हणजे पडद्यावर संगणकाने उभे केलेले तरुण चौघं, खास बांधलेल्या थेटरात. जुनी गाणी तीच, पाकीट नवं. याला 'टिकणं' म्हणत असाल तर साबणाचे ब्रँडही टिकतात.

आणि ते चकचकीत कपडे! स्वीडनच्या करकायद्यात रोज अंगात घालता येणार नाहीत असे कपडे खर्चात दाखवता यायचे, म्हणून तसले कपडे. हे ब्यॉर्ननेच सांगितलंय. यापुढे मी काय बोलू.

केसेटवाला

खडूसशेठ, हिशोब बरोबर आहे, पण साबणाच्या वासाने दुसऱ्या कोणा संगीतकाराला चाल सुचत नाही. १९७७चा 'हम किसीसे कम नहीं' आठवा. 'मिल गया हम को साथी मिल गया'ची सुरुवात सरळ 'मामा मिया'वरून. मूळ गाणं १९७५चं, म्हणजे दोन वर्षांत पंचमदांच्या बैठकीपर्यंत पोचलेलं. त्यांनी उचललं ते टिकटिक करणारं मरिंबाचं (लाकडी पट्ट्यांचं वाद्य) तोंड. पुढे किशोर-आशानं गाण्याचं पार वेगळंच काहीतरी करून टाकलं, पण ठिणगी तिकडची.

तिकडे सेक्स पिस्टल्सच्या ग्लेन मॅटलॉकने 'प्रिटी व्हेकंट'चा रिफ (फिरून फिरून येणारा गिटारचा तुकडा) ॲबाच्या 'एसओएस'वरून सुचल्याचं सांगितलंय. पंकवाले! ज्यांना हे सगळं झाडून टाकायचं होतं ते. एल्विस कॉस्टेलोच्या 'ऑलिव्हर्स आर्मी'तला पियानो 'डान्सिंग क्वीन'चा. २००५ला मॅडोनाने परवानगी काढून 'गिमी गिमी गिमी'चा तुकडा घेतला. एवढ्या वेगवेगळ्या जातीच्या लोकांना एकाच दुकानातून माल न्यावासा वाटतो, तेव्हा माल बघावा, गल्ला नाही.

मालाबद्दल एकच सांगतो. त्यांचा रेकॉर्डिस्ट मायकेल ट्रेटो. अमेरिकन निर्माता फिल स्पेक्टरसारखा भरगच्च आवाज हवा होता, पण स्पेक्टर खोलीभर वादक बसवायचा आणि इकडे तेवढे पैसे नव्हते. मग १९७३च्या 'रिंग रिंग'ला ट्रेटोने सगळी साथ पुन्हा वाजवून घेतली, आणि दुसऱ्या वेळी टेपचा वेग अगदी किंचित बदलला. दोन्ही एकत्र लावल्यावर सूर केसभर सरकलेले, म्हणून आवाज रुंद वाटतो. पुढे दोघींच्या आवाजांनाही अशीच पुटं चढवली. अग्नेथाचा आवाज मुळात उंच, फ्रीडाचा खालचा. फ्रीडाला वरच्या पट्टीत खेचलं की दोघींचा मिळून तिसराच आवाज तयार होतो. हेडफोन लावून 'एसओएस' ऐका, कोण कुठे संपते आणि कोण सुरू होते हे सांगून दाखवा.

मधलीसुट्टी

वाचतेय. (पॉपकॉर्न घेऊन.)

स्टॉकहोमकर

इथे कामानिमित्त बरीच वर्षं आहे, म्हणून स्थानिक बाजू मांडतो. ॲबा म्हणजे स्वीडनचा जीव की प्राण असं बाहेरच्यांना वाटतं. सत्तरच्या दशकात इथल्या शिकल्यासवरल्या लोकांत ॲबा आवडतो म्हणायची चोरी होती. डाव्या विचारांची 'प्रोग' नावाची संगीत चळवळ जोरात होती: गाणं स्वीडिशमध्ये हवं, त्यात काहीतरी म्हणणं हवं, कंपनीच्या दावणीला नको. ॲबा जिंकले म्हणून १९७५ची युरोव्हिजन स्टॉकहोमला आली, तेव्हा या मंडळींनी शहरात पर्यायी महोत्सव भरवला. त्यात ॲबाची टर उडवणारं गाणं होतं: प्लॅस्टिकच्या कपड्यांतले, डबाबंद हेरिंगइतके मेलेले. (ॲबा नावाची मासे डबाबंद करणारी कंपनी इथे खरंच आहे. ग्रुपने नावासाठी तिची परवानगी घेतली होती.) १९७६ला स्वीडनने स्पर्धेत भागच घेतला नाही.

२०२४ला राजाने याच चौघांना वासा घराण्याच्या नावाचा सन्मान दिला. तेव्हा खडूस म्हणतात तो आक्षेप नवा नाही, पन्नास वर्षांचा आहे. आणि हरलेला आहे.

पण काळी_चार यांच्या बाजूचाही एक फुगा फोडतो. 'ॲबा होते म्हणून स्वीडिश पॉप जगभर गेलं' हे वाक्य अजून धाग्यावर आलं नाही, येईलच. ॲबाचा पोलर स्टुडिओ इथल्या ज्या कुंग्सहोल्मन बेटावर होता, तिथेच नव्वदीत शेरॉन स्टुडिओ निघाला. डेनिझ पॉप, मॅक्स मार्टिन हे हिट गाणी बनवणारे, ब्रिटनीचं पहिलं गाणं, सगळं तिथलं. मॅक्स मार्टिन मात्र श्रेय देतो नगरपालिकेच्या संगीतशाळांना. गावोगाव पोरांना नाममात्र फीत वाद्य शिकायला मिळायचं. ॲबाने दार उघडलं म्हणा हवं तर, पण आत शिरायला माणसं तयार केली ती करदात्यांनी.

अवांतर: मॅनेजर स्टिग अँडरसनने १९८९ला देणगी देऊन पोलर संगीत पुरस्कार सुरू केला. १९९८ला तो रे चार्ल्स आणि पंडित रविशंकर यांना मिळाला. ॲबाच्या गल्ल्यातले थोडे पैसे सतारीपर्यंतही आले, खडूसशेठ.

खडूस

स्टॉकहोमकर, आक्षेप हरला म्हणजे चुकीचा ठरला असं नाही. गर्दी दुसरीकडे गेली एवढंच. प्रोगवाल्यांचा प्रश्न साधा होता: गाण्यात म्हणायचंय काय? 'वॉटर्लू'त नेपोलियनची हार म्हणजे पोरीचं प्रेमात पडणं. बरं. पुढे?

आणि केसेटवाले, कारागिरी मला मान्य आहेच. पण कारागिरीने गाणं पक्कं होतं, मोठं होतंच असं नाही.

नीरजा

इतक्या प्रतिसादांत एक गोष्ट कोणी धड बोललं नाही. आवाज दोघींचे, आणि धाग्यावर चर्चा रेकॉर्डिस्ट, मॅनेजर आणि दोन नवऱ्यांची.

अग्नेथा १९६८ला, वयाच्या सतराव्या वर्षी, स्वतः चाल लावलेल्या गाण्याने स्वीडनमध्ये पहिल्या क्रमांकावर होती. तेव्हा ॲबाचा पत्ताही नव्हता. ॲबात तिची चाल किती वेळा? एकदा, १९७३च्या पहिल्याच अल्बमवर. बाकी सगळं बेनी अँडरसन आणि ब्यॉर्न उल्वेउस, आणि सुरुवातीला सोबत मॅनेजर स्टिग अँडरसन. फ्रीडाचा जन्म १९४५चा, नॉर्वेत. आई नॉर्वेजियन, बाप जर्मन सैनिक. अशा मुलांचं तिथे युद्धानंतर काय होत होतं ते वाचा. आजी तिला घेऊन स्वीडनला आली, आई लवकरच गेली. बाप जिवंत आहे हे कळलं १९७७ला, तेही एका जर्मन मासिकामुळे, जगभर नाव झाल्यावर.

काळी_चार, तुम्ही फारकतीच्या गाण्याचं कौतुक केलंत. मलाही ते आवडतं. पण त्यात हरलेल्या बाईचं मन लिहिलंय नवऱ्याने, आणि वठवायला दिलंय तिलाच. याला 'खरं' म्हणायचं की आणखी काही? आणि 'वेळेवर थांबले'मध्ये कलेचा निर्णय कुठून आला? १९७९च्या अमेरिका दौऱ्यात त्यांचं विमान वादळात सापडलं. अग्नेथाला विमानाची भीती आधीपासून होती, घरी दोन लहान मुलं होती. थकलेली बाई घरी बसते, त्याला आपण मागाहून 'शिखरावर निवृत्ती' म्हणतो.

काळी_चार

नीरजाताई, ब्यॉर्न कायम सांगत आलाय की आमच्या घटस्फोटात जिंकणारं-हरणारं कोणी नव्हतं, गाण्यातली बाई कल्पनेतली आहे. अग्नेथाने ते आपलं आवडतं गाणं म्हणूनही सांगितलंय. पण तुमचा मुद्दा यानं मिटत नाही, उलट माझ्याच मदतीला येतो. ते शब्द कागदावर वाचा, फार काही नाही. पत्त्यांची आणि फाशांची उपमा, झालं. तिच्या गळ्यातून आल्यावर त्यांचं गाणं होतं. म्हणजे ते गाणं लिहिलं कोणीही असो, मालकी तिची.

खडूस, 'म्हणायचंय काय' विचारता? 'द व्हिझिटर्स' (१९८१) अल्बमचं शीर्षकगीत ऐका. दार वाजतंय, घरातला माणूस थिजलाय, आता कोण आलंय हे त्याला माहीत आहे. सोव्हिएत राजवटीतल्या विरोधकांवरचं गाणं आहे ते. त्याच अल्बमवर दप्तर घेऊन शाळेला निघालेल्या मुलीकडे बघणाऱ्या आईचं गाणं आहे. प्रोगवाल्यांनी याहून जास्त काय म्हटलं?

आणि गल्लाच भरायचा होता, तर २००० साली शंभर कार्यक्रमांसाठी आलेला एक अब्ज डॉलरचा प्रस्ताव नाकारला का?

खडूस

कारण बावीस वर्षांनी स्वतः न जाता तेच करता येणार होतं! पाच आठवडे काळे चिकट सूट घालून १६० कॅमेऱ्यांसमोर नाचले, आता स्टेजवर १९७९ सालचे चौघं रोज हजर. ना घसा बसायची भीती, ना विमानाची. नीरजाताई, तुमच्या अग्नेथाची सोय झाली बघा.

मधलीसुट्टी

मी बघून आलेय तो शो, लंडनच्या पुडिंग मिल लेन स्टेशनला उतरलं की समोरच. खडूसकाका, दहा जणांचा बँड खराखुरा जिवंत वाजवतो, ते कोणी सांगत नाही. पहिल्या गाण्याला मी पडद्याची कड शोधत होते, चौथ्याला शोधायचं सोडलं. माझ्या पुढे साठीच्या चार बायका सोनेरी बुटांत नाचत होत्या. फसवणूक वगैरे काही वाटलं नाही. मात्र अंगावर काटा आला तो एकाच गाण्याला, आणि ते गाणं गात होती बँडमधली मुलगी. आता याचा अर्थ काय तो तुम्ही लावा.

केसेटवाला

अर्थ सरळ आहे, माइक जिवंत माणसासमोर हवा. यात ॲबाचं काही कमी होत नाही, उलट चाल दुसऱ्या गळ्यातही उभी राहते हे सिद्ध होतं.

खडूस

मधलीसुट्टीने माझं काम केलं, आभारी आहे.

शेवटचा प्रश्न काळी_चार यांना, कारण मूळ विधान त्यांचं. वेळेवर थांबले म्हणता, मग २०२१चा 'व्हॉयेज' अल्बम कुठे बसवता? त्यातलं 'जस्ट अ नोशन' तर १९७८चं, तेव्हा बाजूला ठेवलेलं. जुने आवाज तसेच ठेवून नवी साथ चढवली आणि विकलं. तेव्हा नको होतं ते आता कसं चाललं?

काळी_चार

'जस्ट अ नोशन' सोडून द्या, ते मीही पुढे ढकलतो. पण 'आय स्टिल हॅव फेथ इन यू' ऐका. गाणं बाहेर आलं तेव्हा फ्रीडा पंचाहत्तर, अग्नेथा एकाहत्तर. पट्टी उतरवलेली आहे, आवाजाला वयाचं खरखरीत सूत आहे, आणि ट्रेटोच्या काळातली पुटं चढवून ते झाकलेलं नाही. पडद्यावर तिशीतले चेहरे विकणाऱ्यांनी गळा मात्र म्हातारा ठेवला. धंदाच होता तर तोही तरुण करून घेता आला असता की. यावर बोला.

खडूस

बोलतो. आधी जेवून येतो.