छोट्या व्यवसायात कर्मचाऱ्यांसाठी सोशल मीडियाचे लेखी नियम हवेत का?

एकपानी (धागाकर्ता)

आमच्या डिझाइनच्या व्यवसायात माझ्यासह नऊ माणसे आहेत. एवढ्याशा कामाला नियमपुस्तिका कशाला, असे मीही बरीच वर्षे म्हणत होतो. गेल्या वर्षी आमचे पेज सांभाळणारी सहकारी नोकरी सोडून गेली, तीही कोणतीही कटुता न येता. चार दिवसांनी एका ग्राहकाने त्याच पेजवर तक्रार लिहिली. उत्तर द्यायला गेलो तेव्हा लक्षात आले की, पेज तिच्या खासगी खात्याला जोडलेले आहे आणि पासवर्ड बदलण्याचा ओटीपी तिने बंद केलेल्या क्रमांकावर जातो आहे. तिने मनापासून मदत केली, तरीही ती तक्रार एकोणीस दिवस आमच्या दारावर चिकटवल्यासारखी उत्तराविना राहिली.

हा प्रकार नवा नाही. ब्रिटनमधील एचएमव्ही या संगीतविक्रेत्या कंपनीने जानेवारी २०१३ मध्ये साठाहून अधिक जणांना एकाच वेळी कामावरून काढले, तेव्हा त्याची खबर कंपनीच्याच ट्विटर खात्यावरून क्षणाक्षणाला बाहेर पडत होती. ‘ट्विटर बंद कसे करायचे?’ असे विपणन संचालक विचारत आहेत, हेसुद्धा तिथेच जाहीर झाले. अमेरिकेतील फोनडॉग या कंपनीने २०११ मध्ये आपल्या माजी लेखकाविरुद्ध खटला भरला, कारण तो सुमारे १७,००० अनुयायी असलेले खाते नाव बदलून सोबत घेऊन गेला होता. कंपनीने प्रत्येक अनुयायामागे दरमहा अडीच डॉलर या हिशेबाने ३,४०,००० डॉलर मागितले. पुढे तडजोड झाली, पण खाते कोणाचे हे पहिल्या दिवशी एका ओळीत लिहिलेले असते, तर वकिलांकडे जाण्याची वेळ बहुधा आली नसती.

म्हणून माझे मत असे की, एका पानाचा का होईना, कागद असावा. खाती कोणाच्या मालकीची, ग्राहकाला उत्तर कोणी द्यायचे, अपुरे काम बाहेर दाखवायचे की नाही आणि व्यवसायाची बदनामी होईल असे काही लिहू नये, एवढे त्यात पुरे.

आडवाप्रश्न

असहमत. तुमच्याकडे घोटाळा झाला तो चाव्यांचा, म्हणजे खाते उघडण्याची सोय कोणाकडे आहे याचा. दुसरा अ‍ॅडमिन आधीच नेमला असता तर प्रकरण दहा मिनिटांत मिटले असते. त्यासाठी आठ जणांच्या सह्या घेण्याचे कारण मला दिसत नाही. शिवाय खात्यांचे निमित्त करून शेवटी तुम्ही ‘बदनामी’ हा शब्द हळूच आत आणला आहे, आणि माझा खरा आक्षेप त्यालाच आहे.

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या ट्रिपल प्ले या छोट्या स्पोर्ट्स बारचे उदाहरण घ्या. मालकांनी पगारातील करकपातीचा घोळ घातल्यामुळे आपल्यालाच कर भरावा लागतो आहे, असे एका माजी कर्मचाऱ्याने २०११ मध्ये फेसबुकवर लिहिले. त्यावर कामावर असलेल्या एकीने आपल्यालाही भरावा लागतो आहे असे लिहून मालकाला एक शिवी हासडली, तर दुसऱ्याने फक्त लाइक केले. दोघांनाही काढून टाकण्यात आले. राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने २०१४ मध्ये निर्णय दिला की, पगार आणि कामाच्या अटींविषयी सहकाऱ्यांनी आपसांत बोलण्याला १९३५ च्या राष्ट्रीय कामगार संबंध कायद्याचे संरक्षण आहे आणि ते लाइकलाही लागू होते. २०१५ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. आता गंमत पाहा: त्या बारकडे लेखी नियम होता. ‘अनुचित चर्चा’ केल्यास कारवाई होईल असे त्यात म्हटले होते, आणि एवढी मोघम भाषा वाचून माणूस हक्काचे बोलायलाही कचरेल, या कारणाने मंडळाने तो नियमच बेकायदेशीर ठरवला. थोडक्यात, कागद होता म्हणून मालकाचे संकट वाढले.

रात्रपाळी

मी नोकरदार आहे, त्यामुळे या विषयाकडे दुसऱ्या बाजूने पाहते. मँचेस्टरजवळच्या ट्रॅफर्ड हाउसिंग ट्रस्टमधील एका कर्मचाऱ्याने समलिंगी विवाहांच्या धार्मिक सोहळ्यांविषयी आपले मत सुट्टीच्या दिवशी खासगी फेसबुक पानावर लिहिले, म्हणून संस्थेने आचारसंहितेवर बोट ठेवून त्याची पदावनती केली. उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हा कराराचा भंग मानला, पण कायद्याच्या हिशेबाने त्याच्या हाती भरपाई पडली ती शंभर पौंडांहूनही कमी. त्याचे मत मला मुळीच पटत नाही. तरीही घरी बसून लिहिलेल्या दोन वाक्यांपर्यंत मालकाचा हात पोहोचावा, हे त्याहून पटत नाही.

आणखी एका गोष्टीविषयी इथे कोणीच बोललेले नाही. माझ्या आधीच्या ठिकाणी मालक रोज सकाळी जाहिरातीचे चित्र गटात टाकत आणि प्रत्येकाने ते आपल्या स्टेटसला लावले की नाही, हे दुपारी नावानिशी विचारत. लावले नाही तर चेहरा पाहण्यासारखा होई. माझ्या खात्यावर काय लिहू नये हे सांगणारे मालक, तिथे काय लावावे हेही ठरवणार असतील, तर त्या कागदात ही मनाई आधी लिहा.

हिशेबी

रात्रपाळी यांचा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि नेमक्या त्याच कारणाने मी लेखी नियमांच्या बाजूने आहे. कर्मचाऱ्याने मालकाच्या मालाची स्तुती करताना आपले नाते उघड केले नाही, तर ती ग्राहकाची दिशाभूल ठरते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने, २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत उदाहरणच दिले आहे ते आपण तिथे काम करतो हे न सांगता ऑनलाइन चर्चेत स्वतःच्या कंपनीच्या संगीतयंत्राची तारीफ करणाऱ्या कर्मचाऱ्याचे. छोट्या व्यवसायात मात्र ‘सगळ्यांनी पाच तारे देऊन टाका’ असे मालक सहज सांगून जातो आणि त्यात काही गैर आहे, हे कोणाच्या मनातही येत नाही.

मोठ्या कंपनीत राग आणि निर्णय यांच्यामध्ये निदान मनुष्यबळ विभागाचे टेबल असते. छोट्या ठिकाणी मालक सकाळी स्क्रीनशॉट पाहतो आणि जेवणाच्या सुट्टीआधी माणूस घरी जातो. त्यामुळे कागदाने बांधायचे असेल, तर पहिल्यांदा मालकाला बांधावे. (कामाच्या वेळेत फोन पाहणे हा निराळा विषय आहे, तो यात घुसडू नये.)

एकपानी

बदनामीचे वाक्य मी खोडले. ते लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर एक विशिष्ट माणूस होता, हे कबूल करतो, आणि ते खोडण्यास तेवढे कारण पुरेसे आहे. त्याऐवजी आता असे लिहिले आहे: ‘ग्राहकाचे नाव, त्याचे अपुरे काम आणि व्यवसायाची गोपनीय माहिती त्याच्या किंवा आमच्या लेखी संमतीशिवाय कोठेही टाकू नये. स्वतःच्या खात्यावर व्यवसायाची जाहिरात लावण्याची सक्ती कोणावरही नाही. स्वेच्छेने लावल्यास आपण इथे काम करतो हे सांगावे. कोणत्याही पोस्टवरून कारवाई करण्यापूर्वी मालकाने दोन दिवस थांबावे आणि संबंधिताचे म्हणणे समोर बसून ऐकावे.’

आडवाप्रश्न

हे आधीच्यापेक्षा बरेच बरे आहे, विशेषतः दोन दिवसांची अट. तरी ‘गोपनीय माहिती’ हे शब्द अजून खटकतात, कारण उद्या कोणी पगाराविषयी लिहिले की तुम्ही त्यालाच गोपनीय म्हणाल. पगार, कामाचे तास आणि कामाच्या अटी त्यात येत नाहीत, असे त्याच ओळीत स्पष्ट लिहा. तसे केल्यास माझा विरोध जवळपास संपतो. आणि एवढी चर्चा झाली, पण पेजला दुसरा अ‍ॅडमिन नेमलात की नाही, हे तुम्ही अजून सांगितलेले नाही.